साडूंचं खासगी विधेयक

भारताच्या संसदेवर ज्याचा अजून शंभर टक्के विश्वास आहे असा माणूस आमच्या कर्जत तालुक्यात एकच उरला आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. इतरांचे साडू जमिनीचे व्यवहार करतात, फार्महाऊसवाल्यांना विहिरीचं पाणी विकतात, झेडपीला उभे राहून पडतात. माझे थोरले साडू कायदा करतात. म्हणजे करायचा प्रयत्न करतात. देशाच्या संसदेने एक कायदा करावा आणि त्या कायद्याने आपल्या गावातल्या एका म्हाताऱ्या नौदल अधिकाऱ्यावरचा खोटा डाग पुसून टाकावा, या एका गोष्टीच्या मागे हा माणूस कित्येक वर्षं हात धुऊन लागला आहे. आता हे गाव कुठे, तर कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. समुद्राचा आणि त्या गावाचा संबंध एवढाच, की बाजाराच्या दिवशी तिथे सुकट आणि बोंबील येतात. पण हे साडूंना सांगून उपयोग नाही. ते म्हणतात, "दिल्लीला तरी कुठं समुद्र हाय? तिथून चालतंच ना नौदल?"

साडूंनी उभी नोकरी साजगावच्या एका कारखान्यात, धडधडणाऱ्या मशीनशेजारी काढली. त्यामुळे समोरचा माणूस बहिरा आहे असं गृहीत धरूनच ते बोलतात. आमच्या कर्जतच्या घरी येऊन ते माझ्या कानात काही गुपित सांगू लागले की खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवतो. निवृत्त झाल्यावर लोक भजन धरतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. साडूंनी संसदेचं कामकाज धरलं. आता त्यांच्या घरात सकाळचा चहा म्हणजे प्रश्नोत्तराचा तास असतो. "आज भाजी काय?" हा पहिला प्रश्न. त्याला अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेव्हणी, "जी असंल ती" असं उत्तर देते. "मंत्र्यांचं उत्तर समाधानकारक नाय," असं साडू माझ्याकडे बघून जाहीर करतात. त्यावरून वाद वाढला तर अक्का त्यांच्या पुढची बशी उचलते आणि म्हणते, "सभागृह तहकूब. मला भांडी घासायचीत." जगातल्या कुठल्याही सभापतीचा निर्णय साडू वाद घालून बघतात, पण अक्काचा मात्र मुकाट्याने मानतात.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं त्यांच्याविषयी सांगायला हवं. त्यांना सारं गाव कप्तान म्हणतं. ते दर वेळी म्हणायचे, "मी कॅप्टन नव्हतो. लेफ्टनंट होतो." गावाने ही दुरुस्ती कधीच मान्य केली नाही, कारण जहाज हाकतो तो कप्तान, मग सरकारदरबारी त्याला काहीही म्हणोत. तरुणपणी कप्तान ज्या जहाजावर होते ते एका खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतलं. तिथून जहाज न्यायचा हुकूम वरिष्ठाचा होता; कप्तानांनी पाणी उथळ असल्याचं तेव्हाच सांगितलं होतं. पण चौकशीच्या वेळी वरिष्ठाला आपला हुकूम आठवेना. कप्तानांचं कोर्टमार्शल झालं आणि ते नोकरीतून बडतर्फ होऊन गावी परत आले. पुढे कितीतरी वर्षांनी त्याच वरिष्ठाने, बहुधा पिकलं पान गळायला आल्यावर, एका समारंभात माईकसमोर उभं राहून सांगून टाकलं की चूक माझी होती, त्या पोराची नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेपरात चार ओळी आल्या. शिक्षा मात्र होती तशीच राहिली, कारण इतक्या जुन्या शिक्षेचा फेरविचार करायला कायद्यात वाटच नव्हती. वाट नाही म्हटल्यावर साडू म्हणाले, "मंग काढू वाट. खोपोलीला घाट नाय का फोडला?"

स्वतः कप्तानांनी यातलं काहीही मागितलं नव्हतं. लग्न केलं नाही, आईच्या माघारी एकटेच राहिले. घरामागे वांगी लावायचे. त्या वांग्यांच्या रांगा इतक्या सरळ असत की दोरीला लाज वाटावी. बोलणं अगदी मोजकं. साडू दर आठवड्याला त्यांच्या ओट्यावर जाऊन मोहिमेचा अहवाल मोठ्या आवाजात सादर करत, आणि कप्तान खुरपणी करता करता ऐकून घेत. शेवटी विचारत, "तुला दुसरं काम नाही का?"

"नाय," साडू सांगत.

"मग ती पाण्याची बादली इकडे आण," असं कप्तान म्हणत आणि अहवाल दप्तरी दाखल होई.

जहाज कसं रुतलं हे लोकांना पटवून द्यायला साडूंनी एक प्रात्यक्षिक बसवलं होतं. आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, आधी भाताच्या खाचरात पाणी तुंबलं की ते त्यात एक घमेलं सोडत. घमेलं म्हणजे जहाज, आणि त्यात ठेवलेला विटेचा तुकडा म्हणजे कप्तान. साडू बांधावर उभे राहून वरिष्ठाचा हुकूम देत, अक्काने पदर खोचून "सायेब, पाणी उथळ हाय" असं म्हणायचं, आणि दोरीने ओढलेलं घमेलं चिखलात जाऊन बसायचं. हा प्रयोग त्यांनी तलाठ्याला दाखवला, पीक बघायला आलेल्या कृषी खात्याच्या माणसाला दाखवला, आणि एकदा तर पुतणीला बघायला आलेल्या पाहुण्यांना पोह्यांच्या आधी खाचरावर नेलं. त्या दिवशी नेमका आदल्या रात्री पाऊस जास्त झालेला. घमेलं कुठे रुतेचना, बदकासारखं पलीकडच्या बांधापर्यंत गेलं. साडू खाली बसले आणि पाहुण्यांना म्हणाले, "बसा जरा. पाणी उतरलं की रुतंल." पाहुणे बिचारे बसले. नवऱ्या मुलाने तर पायातली चप्पल काढून घमेलं आणायला मदतही केली. ते लग्न जमलं. मुलीकडची माणसं वेडी आहेत पण लबाड नाहीत, असं मुलाच्या वडलांनी म्हटल्याचं नंतर कानावर आलं.

त्या लग्नातही साडूंनी आपलं काम केलंच. मंगलाष्टकांना अक्षता टाकायला मांडवभर हात वर झाले, तेवढे सगळे साडूंनी विधेयकाच्या बाजूने धरले. मी म्हटलं, "दादा, अहो ते नवरानवरीसाठी वर गेले होते." ते म्हणाले, "वर गेलं होतं का नाय? मी खोटं सांगतो काय?" तालुक्यातली सगळी लग्नं त्यांनी याच हिशेबाने खाल्ली आहेत. कशेळे ते कर्जत जीप हे त्यांचं आवडतं सभागृह. जीपवाला माणसं भरल्याशिवाय गाडी सोडत नाही, म्हणजे गणपूर्ती आपोआप होते, आणि एकदा मांडीला मांडी लावून बसलं की सभात्याग करायला दारही उघडता येत नाही. "लोकसभेपरीस ही जीप बरी," असं साडू म्हणतात. त्या जीपमध्ये कप्तानांना निर्दोष ठरवणारा ठराव इतक्या वेळा एकमताने मंजूर झाला आहे, की कोंबड्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया साडूंना चढताना बघितल्या की आधीच हात वर करतात. म्हणजे निदान गाडी सुटायला उशीर होत नाही.

हा सगळा वेडेपणा कशापायी, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. कप्तान साडूंचे नात्यातले नव्हते की जवळचे मित्र नव्हते. एकदा आमच्या गॅलरीत चहा पीत बसलो असताना साडूंनी ते सांगितलं, आणि तोवरच्या आयुष्यात तेवढंच काय ते हळू आवाजात सांगितलं. त्यांच्या गावात चैत्रात देवीची जत्रा असते. पालखी देवळातून वेशीकडे निघते आणि वाटेत मानकऱ्यांच्या दारांशी थांबते. घरातल्या बाईने तांब्यातलं पाणी पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर ओतायचं, ही रीत. त्या मानकऱ्यांत एक घर कप्तानांचं होतं. ते बडतर्फ होऊन आले त्या वर्षी गावकी बसली. गावकी म्हणजे गावातल्या कर्त्या माणसांची बैठक. तिचा शब्द गावात शेवटचा. तिथे साडूंचे वडील उठून म्हणाले, "उगीच कोन कोनाला शिक्षा देत नाय. सरकारनं ज्याला दोषी धरला त्याच्या दारात देवी थांबायची नाय." तसा ठराव झाला. वाळीत बिळीत कोणी टाकलं नाही, बोलणंचालणं चालू राहिलं, फक्त पालखी थांबायची बंद झाली. "आमचा मान पालखीच्या पुढच्या खांद्याचा," साडू म्हणाले. "मी शाळंत होतो, बाबांच्या मागनं चाललो होतो. त्यांची म्हातारी तांब्या घेऊन दारात उभी होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पालखी पुढं गेली तरी ती उभीच." मग त्यांनी उरलेला चहा संपवला आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ठरावानं गेलंय, तर ठरावानंच परत आलं पायजे."

वडील गेल्यावर साडूंनी गावकीपुढे हा विषय काढून बघितला होता. कर्ती मंडळी म्हणाली की सरकारने दोषी ठरवलं म्हणून आपण थांबवलं, आता सरकारने निर्दोष म्हणू दे, आपण उद्या थांबवू. वास्तविक ही टाळाटाळ होती. तिकडे दिल्लीला कोण जातं, असा सगळ्यांचा हिशेब. पण साडू साधे. त्यांनी ते शब्दशः घेतलं. ग्रामपंचायतीने सांगितलं, हा विषय आमच्या हद्दीबाहेरचा. आमदार म्हणाले, हा केंद्राचा प्रश्न, तुमच्या रस्त्याचं काही असेल तर बोला. मग एका बसथांब्याचं उद्घाटन करायला आलेले खासदार साडूंना सापडले. फीत कापून होईपर्यंत साडूंनी त्यांच्या कानात सगळं सांगितलं, म्हणजे जमलेल्या सगळ्या गर्दीने ऐकलं, आणि खासदारांना तिथल्या तिथे शब्द द्यावा लागला. पण तो गृहस्थ शब्दाचा पक्का निघाला. जुन्या कोर्टमार्शलच्या शिक्षा पुन्हा तपासायची सोय व्हावी, असं एक खासगी, म्हणजे सरकारचं नसून सभासदाचं स्वतःचं, विधेयक त्यांनी खरोखरच मांडलं. त्या दिवशी साडूंनी कशेळ्याच्या बाजारात पेढे वाटले आणि दुकानदारांना 'खासगी' म्हणजे काय ते समजावून सांगितलं, ज्यामुळे बऱ्याच जणांचा असा समज झाला की हे विधेयक साडूंच्या मालकीचं आहे.

खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारी चर्चेला येतात. त्यामुळे साडूंच्या घरी शुक्रवारला सणाची कळा आली. टीव्हीला हार घालायचे, ओटीवर सतरंजी अंथरायची आणि गावातली रिकामी माणसं जमवून संसदेचं कामकाज बघत बसायचं. मी आणि बायको त्यासाठी कर्जतहून जायचो. विधेयकाचा नंबर कधी लागला नाही. एका शुक्रवारी गोंधळ होऊन सभागृह बंद पडलं. दुसऱ्या खेपेला कोणी थोर माणूस वारला म्हणून श्रद्धांजली वाहून सगळे घरी गेले. एकदा मात्र आमच्या आधी एकच विधेयक होतं, तेव्हा साडू टीव्हीच्या इतके जवळ सरकले की अक्काला त्यांना मागे ओढावं लागलं. पण त्या एका विधेयकावर एक सभासद असे काही बोलत सुटले की संध्याकाळ झाली, गुरं घरी आली, आणि तरी ते थांबेनात. "यांना जीपमधी बसवा," साडू कळवळून म्हणाले, "कर्जत आलं की उतरतील तरी." शेवटी निवडणुका आल्या, लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर आमचं विधेयकही विसर्जित झालं. तो दिवस साडूंना फार लागला. ते म्हणाले, "गणपतीसुदिक पुढच्या वर्षी येतो म्हणून सांगून जातो. हे न सांगता गेलं." ही बातमी कप्तानांच्या ओट्यावर सांगायला गेले तेव्हा अहवाल अर्ध्यावरच सोडून ते खाली बसले. कप्तानांनी हातातलं खुरपं बाजूला ठेवलं आणि त्यांना अर्धा डझन वांगी दिली. कप्तान तेव्हा ऐंशीच्या पलीकडे गेले होते, आणि बसले की उठताना भिंतीचा आधार घेऊ लागले होते. साडूंना घाई झाली होती ती भिंतीवरच्या त्या हातापायी.

पुढच्या खासदारांनी सावधपणा केला. ते म्हणाले, "या विषयाला लोकांचा पाठिंबा आहे हे आधी दाखवा, म्हणजे मला सभागृहात बोलता येईल." साडूंनी ताबडतोब ठरवलं की आपण देवळात संसद भरवायची, पूर्ण चर्चा करायची, ती मोबाईलवर टिपायची आणि खासदारांना पाठवायची. जत्रेला थोडेच दिवस राहिले होते, साफसफाईला सगळं गाव देवळात असायचं, म्हणजे सभासदांची अडचण नव्हती. देवीचा गुरव सभापती झाला, कारण त्याच्याकडे घंटा होती. सत्ताधारी बाकांवर बसायला एवढी झुंबड उडाली की मंडपाचा एका बाजूचा अर्धा भाग पुरेना. विरोधी पक्षनेता मला केलं. "तुमी शिकलेले," साडू म्हणाले, "तुमाला नाय म्हणायला जमतं." माझ्या बाजूला दोनच माणसं बसली. एकाला ऐकू येत नव्हतं, आणि दुसरा पंख्याखाली जागा होती म्हणून आला होता.

मी काय बोलायचं तेही साडूंनीच ठरवलं होतं. ते वाक्य ऐकल्यावर मी म्हटलं, "दादा, हे मी नाही म्हणणार. हे तुमच्या वडलांचं आहे." तर ते म्हणाले, "म्हणूनच म्हणा. बोलल्याबिगर खोडता कसं येईल?"

सभेला सुरुवात झाली तीच गोंधळाने. गुरव शांततेसाठी घंटा वाजवी आणि घंटा वाजली की अर्धं सभागृह डोळे मिटून हात जोडी. एका माणसाने उठून पाणीपुरवठ्याचा प्रश्न काढला. त्याला खाली बसवल्यावर त्याने सभात्याग केला, आणि बाहेर चहा मिळतोय असं कळल्यावर त्याच्यामागून बरेच जण निषेध म्हणून गेले. अक्काने चहाची किटली आत आणली तेव्हा कुठे संसद परत भरली. मग मी उभा राहिलो. नाटकात बोलतात तसं बोलून मोकळं व्हायचं असं मनाशी ठरवलं होतं, पण आधी अक्काकडून घोटभर चहा मागून घेतला. मी म्हणालो, "उगीच कोणी कोणाला शिक्षा देत नाही. सरकारने ज्याला दोषी धरला त्याच्या दारात देवी थांबणार नाही."

तरुण पोरांना काही कळलं नाही, पण साठी ओलांडलेल्या सगळ्या माणसांना ते वाक्य ओळखू आलं. काहींनी तर ते याच मंडपात, याच खांबांजवळ बसून ऐकलं होतं आणि त्याला मान डोलावली होती. माझ्याकडे बघायचं सोडून सगळे खाली फरशीकडे बघू लागले. यापुढे साडूंचं उत्तराचं भाषण होतं, आणि ते लांबलचक असणार म्हणून लोकांनी तशी बैठक मारलेली होती. साडू उठले. त्यांनी उपरणं सारखं केलं, देवीकडे बघितलं, आणि मशीनशेजारी जन्म काढलेल्या त्या माणसाचा आवाज मंडपाच्या मागच्या टोकापर्यंतही पोचला नाही. "ते चुकलं होतं," ते म्हणाले, आणि खाली बसले.

मतदान घ्या असं कोणी म्हणालं नाही. हात वर होत गेले. माझा झाला, पंख्याखालच्या माणसाचा झाला, बहिऱ्यानेही आजूबाजूला बघून केला. गुरवाने एकदा सगळीकडे नजर फिरवली, देवीपुढचा नारळ उचलला आणि पायरीवर फोडला. त्या गावात देवीसमोर हात वर होऊन नारळ फुटला की तो विषय संपला. मग कोणी कोर्टात जावो की दिल्लीला, तो ठराव मोडत नाही. गुरवाने हे मुद्दाम केलं की नुसत्या सवयीने, हे त्याने आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. "पालखी यंदा कप्तानांच्या दारात थांबंल," एवढं सांगून त्याने खोबरं वाटायला घेतलं.

खरी मजा यापुढे झाली. सगळ्यात जोरात विरोध केला तो साडूंनी. ते उठून ओरडू लागले, "अरे ही तालीम हाय! खरा ठराव दिल्लीत व्हायचा हाय. अजून राज्यसभा ऱ्हायली, राष्ट्रपतीची सही ऱ्हायली. असं मधीच नारळ फोडून कायदा होत नाय."

"राष्ट्रपती कशाला लागतो?" गुरव म्हणाला. "देवी हाय की."

"पण सरकारनं निर्दोष म्हणंपर्यंत थांबायचं, असं तुमीच ठरवलं होतंत."

त्यावर कर्त्या मंडळींतला सगळ्यात म्हातारा माणूस तोंडातलं खोबरं चघळत म्हणाला, "आमी ठरवलं होतं. आता आमीच बदललं. तू बस खाली." आयुष्यभर ज्या ठरावासाठी धडपड केली, तो बेकायदा आहे म्हणून भांडत साडू त्या दिवशी घरी गेले आणि जेवले नाहीत. अक्का मला म्हणाली, "यांना कुनी बारशाला बोलावलं तरी विचारतील, राज्यसभेनं नाव मंजूर केलं का." मोबाईलवर टिपलेल्या त्या कामकाजात, पुढे बघितलं तर, घंटेशिवाय दुसरं काही नीट ऐकूच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरव कप्तानांकडे गेला. पालखी थांबणार आहे, पाणी भरून ठेवा, असं त्याने सांगितलं. कप्तानांनी वांग्याच्या वाफ्यातलं खुरपं उचलून पुसलं आणि एवढंच विचारलं, "किती वाजता?" पालखीला आजवर कोणी वेळ विचारली नव्हती. गुरव म्हणाला, देवीच्या मनात येईल तेव्हा.

जत्रेच्या दिवशी मी मुद्दाम कप्तानांच्या घरासमोर जाऊन उभा राहिलो. कप्तान सकाळपासून दारात उभे होते असं शेजारच्या बाईने सांगितलं. पांढरा सदरा, पांढरी पँट, इस्त्रीची घडी करवतीसारखी, आणि हातात आईचा तांब्याचा तांब्या, इतका घासलेला की त्यात समोरचा रस्ता दिसत होता. ढोल जवळ आले, गुलाल उडाला, पालखी वळणावरून खाली उतरली. पुढच्या खांद्याला साडू होते. मला एक क्षण भीती वाटली की हा तत्त्वाचा माणूस राज्यसभा बाकी आहे म्हणून पुढे निघून जाईल. पण पालखी दाराशी आली आणि थांबली. ढोलही थांबले. कप्तान पायरी उतरून आले. साडू त्यांच्याकडे बघून म्हणाले, "सायेब, हे तात्पुरतं हाय. खरं दिल्लीचं यायचं हाय."

कप्तान म्हणाले, "पाय पुढे कर."

साडूंनी पाय पुढे केला. थोडं पाणी साडूंच्या धोतरावर सांडलं, पण दोघांनाही त्याचं काही नव्हतं. मग ते मागच्या माणसांकडे गेले, एकेकाच्या पायावर पाणी घालत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुलाल गेला म्हणून मी ते पुसलं, आणि शेजारी बघितलं तर सगळ्या म्हाताऱ्यांच्याच डोळ्यांत गुलाल गेलेला दिसला. त्या दारात तांब्या घेऊन उभ्या राहिलेल्या माउलीला हे बघायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

कप्तान त्यानंतर आणखी एक जत्रा बघून गेले. झोपेतच गेले. खासदारांनी विधेयक पुन्हा मांडलं आहे आणि ते रांगेत आहे. आता ज्याच्यासाठी कायदा तोच राहिला नाही, तर कशाला एवढी यातायात, असं कोणीतरी साडूंना जीपमध्ये विचारलं. ते म्हणाले, "मानूस गेला म्हणून नाव जातं का रं?" आणि लगेच सगळ्यांचे हात वर करून घेतले.

यंदा जत्रेला मी गेलो तेव्हा कप्तानांच्या दाराला कुलूप होतं, आणि वाफ्यांत गवत माजलं होतं. पालखी आली आणि ठरावाप्रमाणे त्या बंद दाराशी थांबली. आता पाणी कोण घालणार ते कोणालाच माहीत नव्हतं. ढोलवाले उगीच एकमेकांकडे बघत राहिले. साडूंनी पुढचा खांदा गुरवाच्या मुलाकडे दिला. गर्दीतून अक्काने पिशवी पुढे केली आणि त्यातून त्यांनी कप्तानांच्या आईचा तो तांब्या काढला. कप्तानांनीच तो त्यांच्याकडे दिला होता, हे मला तेव्हा कळलं. साडू कप्तानांच्या पायरीवर चढले, त्या घराचेच असल्यासारखे तिथून खाली उतरले, आणि वाकून एकेकाच्या पायावर पाणी घालू लागले. शेवटी थोडं पाणी उरलं. अक्का पुढे झाली, तिने सगळ्या गावासमोर त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि ते साडूंच्याच पायांवर ओतलं.

मग त्यांनी पुन्हा पालखीला खांदा दिला आणि सगळे वेशीकडे निघालो. वेशीवर पालखी टेकली तेव्हा मला जवळ बोलावून ते कानात म्हणाले, "येत्या शुक्रवारी टीव्ही लावनार ना?" ते वेशीपलीकडच्या माणसांनाही ऐकू गेलं. मी हो म्हणालो. आणि खरंच लावतो. दर शुक्रवारी दुपारी, बायको हसते तरी.